चार नंबरच्या जर्सीचं भोक

मित्रांनो, काचेच्या आतून बोलते आहे, म्हणून जरा जवळ या. मी एक जुनी जर्सी आहे, कबड्डीची. रंग डाळिंबी होता, आता डाळिंबाच्या वाळल्या सालीसारखा झालाय. पुढून आणि मागून चारचा आकडा. पौडला आमच्या मंडळाच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर माझी चौकट लटकते. येणारे-जाणारे माझ्यासमोर थांबतात. मला खाली मान घालावीशी वाटते, पण जर्सीला मान कुठून असणार? नुसता गळा असतो. म्हणून बोलून टाकते.

उरवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जिने मला शिवलं तिला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. शाळेचे गणवेश शिवता शिवता तिने मध्येच आम्हा बारा बहिणींना मशीनखालून काढलं आणि पुन्हा गणवेशांना लागली. पौडला आल्यावर ज्याची त्याला वाटणी झाली. मी फकरुद्दीनच्या वाट्याला आले.

फकरुद्दीनचं बाजारात बांगड्यांचं दुकान. त्याचा हात इतका हलका, की नव्या नवरीच्या मनगटात हिरवा चुडा कधी चढला ते तिलाही कळायचं नाही. तोच हात मैदानात डाव्या कोपऱ्यातून सुटला आणि चढाई करणाऱ्याच्या घोट्याला पडला, की गडी तिथंच आडवा. एकोणीस वर्षं तो त्या कोपऱ्यात उभा राहिला. चढाईला जाणाऱ्यांची नावं सगळेच ओरडतात. कोपरा राखणाऱ्याचं कोण ओरडतं? पण फकरुद्दीनचं ओरडायचे, आणि त्याला कारण होतं.

तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. चढाई करणारा 'कबड्डी, कबड्डी' करत येतो. कुणाला हात लावून तो आपल्या अंगणात परतला, की ज्याला हात लागला तो बाद. अंगाला लागो की कपड्याला, नियम एकच. आता हे पंचांच्या नजरेतून सुटतं कधीकधी. बाकीचे खेळाडू अशा वेळी आभाळाकडे बघतात. फकरुद्दीन मात्र आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. आमच्या भागातले पंच अण्णासाहेब, शाळेतले गुरुजी, चहाच्या टपरीवर सांगायचे, "शंका आली की मी नियमाचं पुस्तक उघडत नाही. फकरुकडे बघतो."

हे ऐकून मी दोरीवर वाळत असतानासुद्धा फुगायचे.

आता भरे गावातल्या एका सामन्याचं सांगते. बारा वर्षं झाली. भात काढून झालेल्या खाचरात मैदान आखलेलं, समोर घोटावड्याचा संघ, अंतिम सामना. आमच्या मंडळाने तोवर एकही करंडक जिंकलेला नव्हता. आम्ही एका गुणाने पुढे आणि त्यांची शेवटची चढाई. चढाईला आला हैबतराव. उंच, सडसडीत गडी, हाताची बोटं नांगीसारखी. डाव्या कोपऱ्याकडे त्याने झेप घेतली. फकरुद्दीन मागे सरकला. पण मी नाही सरकले, मित्रांनो. घामाने जड झालेली माझी खालची किनार मागे लोंबत राहिली, आणि हैबतरावच्या नखात अडकली. टच्च. एक दोरा तुटला. हैबतराव रेषेपार गेला आणि ओरडला, "लागला! चार नंबरला लागला!"

तो गुण मिळाला असता तर बरोबरी झाली असती आणि वरची पाच मिनिटं खेळावी लागली असती. फकरुद्दीनचा डावा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्या पायात अजून पाच मिनिटं नव्हती. ते मलाच माहीत, मी त्याच्या अंगावर होते.

अण्णासाहेबांना नीट दिसलं नव्हतं. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. "फकरु, लागला का रे?"



"न्हाई गुरुजी," फकरुद्दीन म्हणाला.

हैबतरावने वाद घातला नाही. तो नुसता फकरुद्दीनकडे बघत राहिला. "तू न्हाई म्हणतोस, फकरु? तू?"

तोवर लोक मैदानात घुसले होते. कुणीतरी ओरडलं, "ए लागला! जा की घरी, आईला सांग जा लागला म्हणून!" हशा पिकला. आमच्या पोरांनी फकरुद्दीनला खांद्यावर घेतलं. मला तोंड नव्हतं, हे खरं. पण आज खोटं कशाला बोलू? असतं तरी मी उघडलं नसतं. खांद्यावर मीही होते ना. वरून सगळं मैदान दिसत होतं, आणि मला ते फार आवडलं होतं.

त्या दिवसापासून हैबतरावचं नाव 'लागला' पडलं. बाजारात, एसटी थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, "काय लागला, बरं हाय ना?" त्याने त्याच हंगामात खेळ सोडला.

घरी सुलतानाने, फकरुद्दीनच्या बायकोने, धुताना माझं भोक पाहिलं. "कुटं अडकली ओ ही?"

"तारंला," तो म्हणाला.

तिने बिचारीने उजेडात बसून, रंगाला रंग मिळवून असं रफू केलं की भोक शोधूनही सापडू नये. मग फकरुद्दीनने मला बांगड्यांच्या खोक्यांखाली, पत्र्याच्या पेटीत, तळाला घातलं. मला वाटलं, करंडकाची जर्सी म्हणून जपतोय. वर्ष गेलं, दोन गेली. तो आणखी सात हंगाम खेळला, पण दुसरी जर्सी घालून. पेटीतून मला सुलतानाचं बोलणं ऐकू यायचं. "लोक म्हनत्यात, तुमी आता हात लागला नसला तरी हात वर करून भाईर जाता. येडं लागलंय का?" आणि गंमत बघा, त्याच्या खरेपणाचा डंका सगळ्यात जास्त वाजला तो ह्याच सात वर्षांत. तेव्हा कुठे मला कळलं, पेटीत तळाला जपून ठेवणं आणि दडपून ठेवणं बाहेरून सारखंच दिसतं.

यंदा मुलींच्या संघाला शिकवायला ऋतिका आली. नागपूरकडची, हिंजवडीत कंपनीत नोकरी करते, संध्याकाळी मैदानावर. तिने मंडळाच्या बैठकीत विषय काढला, हे मी मागाहून ऐकलं. "सर, तिकडे बर्फावर हॉकी खेळतात ना, तिथे एखादा डिफेंडर वर्षानुवर्षं खेळला की त्याचा नंबर रिटायर करतात. मग तो नंबर कुणालाच मिळत नाही. जर्सी वर छताला टांगतात. आपण फकरुभाईंचा चार नंबर करूया!"

"छताला?" अण्णासाहेब म्हणाले. "आपल्या पत्र्याखाली मेल्या पाली किती, ते माहीत आहे का? भिंतीवर लावू. काचेत."

ठरलं. आणि जर्सी कोणती, तर करंडकाची. ऋतिका दुकानात आली तेव्हा फकरुद्दीन म्हणाला, "ती कुटं आता. फाटली, गेली."

"फाटली कशी?" आतून सुलताना. "मी रफू केलीया की! पेटीत हाय. थांब गं पोरी, काढून देते."

मला काचेत जायचं होतं, मित्रांनो. खोटी कशाला लाजू, लाजायला खरं पुष्कळ आहे. बारा वर्षं काळोखात काढल्यावर काच म्हणजे मला महाल वाटला.

रविवारी सकाळी मंडळाची खोली भरली. आमच्याकडे रीत आहे, सत्कार करायचा तो समोरच्या संघातल्या जुन्या गड्याच्या हातून. अण्णासाहेबांनी निरोप धाडला होता हैबतरावला. तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो आला. केस पिकलेले, कारखान्याच्या गणवेशावरच, रात्रपाळी उरकून. हातात हार देऊन त्याच्यापुढे माईक धरला.

"मी काय बोलनार," तो म्हणाला. "मला वळखता न्हवं? मी लागला."

लोक हसले. वाईट मनाने नाही. सवयीने हसले. हैबतरावही थोडासा हसला, आणि त्याने हार उचलला.

तेव्हा फकरुद्दीनने हात वर केला.

बसल्या जागी, कोपर सरळ, पंजा उघडा, मैदानात करायचा तसा. अण्णासाहेबांच्या तोंडून आपोआप निघालं, "काय रे फकरु?"

"गुरुजी, लागला हुता."

"काय?"

"भऱ्याला. शेवटच्या चढाईत. ह्याचा हात माज्या जर्सीला लागला हुता. मी न्हाई म्हनलो."

सुलतानाने तोंडाला पदर लावला. हैबतराव हार तसाच धरून उभा. तो बोलला, हळू, माईक बाजूला करून. पण खोली लहान, सगळ्यांना ऐकू गेलं.

"माज्या नखात तांबडा दोरा हुता, फकरु. घरी जाऊन आईला दाखवला. ती म्हनली, फकरु खोटं बोलायचा न्हाई, तूच बोलला असशील. मरस्तोवर तिला तसंच वाटलं."

फकरुद्दीनचा हात अजून वरच होता. तो खाली कसा घ्यायचा, हे त्याला कळत नव्हतं.

"माफ कर म्हनायला तोंड न्हाई मला," तो म्हणाला.

"मग नको म्हनू," हैबतराव म्हणाला. "हात खाली घे. दुखंल."

त्याने हार टेबलावर ठेवला आणि मला उचललं. किनारीवरून अंगठा फिरवत नेला आणि नेमका त्या जागी थांबला. "हितंच. शिवलंय कुनी?"

"मी," सुलताना पुढे आली. "मला तारंला अडकली म्हनून सांगितलं हुतं, भाऊ." तिने पदराची सेफ्टीपिन काढली, मला त्याच्या हातातून घेतलं आणि माझा एकेक टाका उसवायला लागली. दुखलं मला. पण तिने एकही टाका ठेवला नाही. भोक उघडं पडलं. डाळीच्या दाण्याएवढं असेल. इतकुसं.

"आता लावा काचंत," हैबतराव म्हणाला.

चौकटीखालची पट्टी आधीच छापून आली होती: 'भरे, अंतिम सामना, विजयी.' अण्णासाहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं, शाळेचं, आणि 'विजयी' वर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'बरोबरी'. खाली सही केली, तारीख घातली. मग पेनाला टोपण लावताना म्हणाले, "मी विचारायलाच नको होतं. बघायला हवं होतं."

हैबतरावने सत्कार केला नाही. चहाही घेतला नाही. पण दारातून निघताना एकाने सवयीने "लागला" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मध्येच मिटलं. "हैबतराव, या पुन्हा," असं म्हणाला तो.

तर मित्रांनो, ही मी. मला जपतात आता. आठवड्याला काच पुसतात, कसर लागू नये म्हणून मागे कडुलिंबाचा पाला ठेवतात. तुम्हीही आपले कपडे जपा, धुऊन, घडी करून ठेवा, उसवलं तर लगेच शिवा. फक्त शिवण्याआधी एक करा. भोक कुठं पडलं ते खरं सांगा.

ऋतिकाच्या मुली मैदानात जायच्या आधी माझ्यासमोरून जातात. नवी आलेली एखादी विचारते, "ताई, हिला भोक कसलं?" आणि काचेवर बोट ठेवते, बरोब्बर त्याच जागी. बारा वर्षांपूर्वी एक नख अडकलं होतं तिथं. मी दर वेळी लाजते. पण आता मला कुणी पेटीत घालत नाही, म्हणून उजेडातच लाजते.