शिक्क्याची वीट

मित्रांनो, मी वीट आहे, पण कोणत्याही भिंतीत नाही. शाळेच्या कपाटात, नकाशांच्या शेजारी मी ठेवलेली आहे. माझ्या पाठीवर लाखेचा जो तांबडा डाग दिसतो, तो डाग नसून मोहोर आहे. तिचीच ही हकीकत.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळात डोणगावच्या वाटेवरील या खेड्यात शाळेची इमारत मंजूर झाली. बांधकामाचा ठेका उकंडरावांनी घेतला. त्यांचा हा पहिलाच ठेका. त्यांच्या भट्टीतील पहिल्या विटांमधून माझी निवड झाली. मी नऊ इंच लांब, कोरांना धारदार आणि वाजवली तर खणखणीत होते. बुलढाण्याच्या कचेरीत माझ्यावर लाख ओतून शिक्का उमटवला गेला. करारनाम्यात विटेचे वर्णन केलेले नव्हते. 'विटा शिक्क्याच्या नमुन्याबरहुकूम असाव्यात' एवढेच एक कलम होते. उकंडरावांनी ते न वाचता सही केली आणि मला उपरण्यात गुंडाळून गावी आणले.

त्यांच्या आईने, सत्यभामाबाईंनी, मला पाहून हातच जोडले. "सरकारी मोहोर हाये हिच्यावर! पायाले हिच्याहून चांगली वीट कोणती?" पायाभरणीच्या दिवशी ईशान्य कोपऱ्याला, भिंतीच्या बाहेर, पूजेचा लहान खड्डा खणला होता. हळदकुंकू, सुपारी आणि फुले वाहून त्यांनी मला त्यात ठेवले. वर माती पडली. माझा मोठाच सन्मान झाला होता, आणि तीच मोठी चूक होती. कारण नमुना पुरण्यासाठी नसतो, दाखवण्यासाठी असतो.

दगडी जोते पूर्ण झाले, तेव्हा शेषराव नावाचे नवे ओव्हरसिअर पाहणीला आले. भट्टीतून निघालेल्या आठ हजार विटांचा ढीग त्यांनी पाहिला. जुन्या जागेची माती संपल्यामुळे उकंडरावांनी नाल्याकाठची माती वापरली होती आणि त्या विटा फिकट उतरल्या होत्या.

"उकंडराव, या विटा फिकट दिसतात. नमुना दाखवा."

"नमुना... पायात हाये, साहेब."

पुंजाजी मिस्त्री थापी पुसत म्हणाले, "साहेब, त्या विटेची तं पूजा झाली. आता थे आमच्यापेक्षा मोठी!"

शेषराव हसले नाहीत. त्यांनी करारनामा उघडून ते कलम मोठ्याने वाचले. "तुलनेला नमुनाच नसेल, तर हा ढीग मला नाकारावा लागेल. मुदत थोडीच उरली आहे. नव्या विटा वेळेत होणार नाहीत आणि ठेका रद्द होईल."

उकंडराव ढिगाकडे पाहत म्हणाले, "मले वाटलं, सही म्हंजे नुसती रीत असते."

"मग उकरून काढा," शेषराव शांतपणे म्हणाले.

त्यावर सत्यभामाबाई पुढे झाल्या. "काऊन बे उकंड्या, पूजेची वीट उकरतं का? शाळेले काही झालं तं?"

"माय, वीट नाही निघाली तं शाळाच होत नाही."

म्हातारी खड्ड्यापाशी गेली. मग पदर खोचून ती स्वतः खाली बसली. "कुदळ लावू नका. मीच ठेवली, मीच काढतो." तिने हातांनी माती सारली. मला बाहेर काढून तिने माझ्या जागी दुसरी वीट ठेवली, तिलाही कुंकू लावले आणि म्हणाली, "तूबी तिचीच बहीण हायेस, सांभाळून घे."

मोहोर शाबूत होती. लाख ओलीने विरघळत नाही.

शेषरावांनी मला दोन दिवस उन्हात वाळवले. ढिगातील दहा विटा त्यांनी स्वतः निवडल्या. प्रत्येकीला माझ्याशी वाजवून पाहिले, नखाने ओरखडून पाहिले. मग आम्हां सर्वांना तोलून एक दिवस हौदात बुडवले; कच्ची वीट जास्त पाणी पिते. त्या पाण्यात मला माझी नव्हे, उकंडरावांची काळजी होती. ते हौदापासून हललेच नाहीत. पुंजाजी त्यांना म्हणाले, "घरी जा ना बाप्पा, तुम्ही पाह्यल्यानं विटा पाणी कमी पेतात का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तराजू लागला. मी अर्धा शेर पाणी प्यायले होते. आठ फिकट विटा त्याहून थोडे कमीच प्यायल्या होत्या. उरलेल्या दोन मात्र भट्टीच्या कडेच्या, कच्च्या निघाल्या.

"कडेचा थर वेगळा काढा, तो चालणार नाही," शेषराव म्हणाले. "भिंतीला गिलावा होणार आहे, तेव्हा रंगाला माझी हरकत नाही. बाकीच्या विटा लावा. पण माती बदलली, हे आधी लेखी कळवायचे होते."

उकंडरावांनी इतका लांब श्वास सोडला की पुंजाजींनी त्यांची पाठ चोळली. सत्यभामाबाईंनी मला पुसले, आणि पुन्हा कुंकवाचे बोट लावले. त्या संध्याकाळी शेषरावांनी करारनाम्यातील एकेक कलम वाचले आणि उकंडरावांनी प्रत्येकाचा अर्थ विचारून घेतला. मधेच ते म्हणाले, "साहेब, हे तं माह्यासाठीबी लिहिलं हाये! मले वाटे, फक्त मले बांधाले लिहिलं हाये."

शाळा मुदतीत उभी राहिली. पुढे माझे कौतुक ओसरले. कित्येक वर्षे मी दार अडवायला पडून होते. खेळता खेळता मुलांनी अर्धी लाख खरवडून नेली. एका गुरुजींनी मोहोर ओळखली आणि मला कपाटात ठेवले.

म्हणून मित्रांनो, सही करण्याआधी विचारा, आणि जे दोघांनी मान्य केले, ते दोघांना दिसेल असे ठेवा. मी त्या भिंतीत नाही, तरी तिच्या विटा माझ्याशी ताडूनच लागल्या आहेत. मला हातात घ्या, वाजवून पाहा. फक्त उरलेल्या लाखेला नख लावू नका. अजून कुणी विचारले, तर मला मोहोर दाखवता आली पाहिजे.