गामतेची गाठ

कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर समुद्रात बुड्या मारायच्या त्या बायकांनी आणि काठावर बसून त्यांना अक्कल शिकवायची ती नवऱ्यांनी. या दुसऱ्या कामात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

बघता बघता आमच्या खाडीतले खडक पांढरेफटक पडले. त्यांच्यावर कमरेएवढं वाढणारं गामते या समुद्री शेवाळाचं तपकिरी रान पार गेलं. उरले ते काटेरी चेंडूंसारखे समुद्री साळू. कोवळा कोंब दिसला की फस्त! रान गेलं तसे शंख गेले, मासे गेले. माझी बायको सुन-ओक रिकामं जाळं घेऊन वर यायला लागली. शेवटी बायकांनीच ठरवलं, साळू वेचून काढायचे आणि गामतेची रोपं लावलेले दोर खडकांना बांधायचे.

मी काठावरून म्हणालो, "ही कसली गाठ? पहिल्या लाटेला सुटेल. उगाच नाही इतकी वर्षं बोटीवर काढली मी!"

बायकांची म्होरकी गुन्जा आजी म्हणाली, "मग ये की खाली. का तोंडानंच गाठी मारतोस?"

सगळ्या हसल्या. आता माघार कशी घेणार?

मेव्हणीचा रबरी पोशाख माझ्या अंगावर चढवायला तिघी लागल्या. पाण्यात शिरलो तर डोकं खाली आणि बूड वर. बुडायचं काही जमेना. "कमरपट्ट्याला आणखी शिसं बांधा!" मी हुकूम सोडला. त्यांनी बांधलं. मग मात्र धोंड्यासारखा तळ गाठला.

खडकाला दोर बांधला. गाठ अशी बसली की बोटीवरचा तांडेलही खूश झाला असता. वर निघालो, तर निघवेना. त्या गाठीत माझा कमरपट्टाही आवळला गेला होता. जितकं ओढावं तितकी ती घट्ट! छाती फुटायची वेळ आली, तेव्हा सुन-ओकनं येऊन पट्टा कापला.

वर येताच मी खोकत म्हणालो, "पण गाठ सुटली नाही, बघ!"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. शिट्टीसारखा लांब श्वास सोडून ती म्हणाली, "हेरिमचे बाबा, गाठ झकास आहे. फक्त तिच्यात गामतेच बांधत जा."

तेव्हापासून हिवाळाभर मी काठावर बसून दोरांना रोपं बांधली. निम्मे दोर वादळात गेले. त्यात माझ्या गाठीही होत्या. उरलेल्यांना पालवी फुटली. वसंतात सुन-ओकनं मला कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि माझं डोकं खाली दाबलं. हातभर लांब पानं डुलत होती, त्यांच्या आडोशाला बोटाएवढे मासे. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडात पाणी गेलं.

हल्ली मी तिथेच उभा राहून साळू वेचतो. परवा पोशाखात, डोक्याला टोपडं घालून वाकलो होतो. किनाऱ्यावरून पर्यटक पोरी ओरडल्या, "आजी, इकडे बघा ना! एक फोटो!"

सुन-ओकला हसून हसून ठसका लागला. मी हातातला साळू उंच धरला आणि जमेल तितकं आजीसारखं हसलो.