उलटं विचारा

कापडे गावच्या अंगणवाडीत रेश्मा उतेकर सहा वर्षं सेविका होती, आणि गावात तिच्या शब्दाला वजन होतं. मूल हाकेला बघतं का, बोट दाखवून मागतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, असे प्रश्न विचारून ती घरोघर तक्ते भरायची. पोलादपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा 'स्वमग्नता' म्हणजे ऑटिझम या विषयावर सगळ्यांत चांगली उत्तरं तिचीच होती. त्याचं प्रशस्तिपत्र तिने प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावलं होतं.

शेजारच्या मैनाबाईंचा नातू स्वराज अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलेना, तेव्हा रेश्मा त्यांच्या पडवीत जाऊन बसली आणि अर्धा तास बोलली. लवकर दाखवा, लाजायचं काय त्यात, आईबापच डोळे मिटून बसले तर पोराने बघायचं कुणाकडे. मैनाबाईंनी चहा दिला, पण पुढे महिनाभर तोंड फिरवून जायच्या. स्वराज त्यानंतर तीन आठवड्यांनी बोलायला लागला तो आजतागायत थांबलेला नाही.

रेश्माची स्वतःची मुलगी श्रुतिका त्याच अंगणवाडीत, तिच्या डोळ्यांसमोर बसायची. बाटल्यांची झाकणं एका ओळीत लावायची. ओळ मोडली की कान दाबून जमिनीवर आडवी व्हायची. तिचा दोन वर्षांचा तक्ता रेश्मानेच भरला, तीन वर्षांचाही. हाकेला बघते का? बिस्किटाचा पुडा फाडला की बघते, म्हणजे होय. बोलते का? महाडच्या एसटी स्टँडवरची घोषणा ती गाडीच्या नंबरासकट म्हणायची, मग नाही कसं लिहायचं? होय. सगळ्या चौकटींत होय होतं, आणि अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखं होतं.

पुढे मुलं तपासायला तालुक्याहून पथक आलं. त्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई श्रुतिकासमोर बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग त्यांनी तक्ता उचलला.

"हा कोणी भरला?"

"मी," रेश्मा म्हणाली.

"आणि मुलगी कोणाची?"

"माझीच."

बाईंनी तक्ता जपून खाली ठेवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रेश्माला त्यानंतर कित्येक दिवस वाटत राहिलं.

नवरा राजेश मुंबईला लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. त्याने दोघींना मोठ्या इस्पितळात नेलं. आधी कान तपासले, ते उत्तम निघाले. मग दोन फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला, जो रेश्माला स्पेलिंगसकट पाठ होता. राजेशने तो मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि परतीच्या वाटेवर विचारलं, "तुला तर ह्याचं ट्रेनिंग होतं ना?" त्याने साधेपणाने विचारलं होतं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

सासूबाईंनी, म्हणजे गोदूबाईंनी, प्रकरण तिथल्या तिथे मिटवलं. "अगो, तुझ्या पुस्तकात पोर बसत नसेल तर पुस्तक बदल. पोरगी गप हाय एवढंच. आमच्या घराण्यात सगळे गपच." गोदूबाई हे इतक्या मोठ्याने बोलत होत्या की खालच्या आळीपर्यंत ऐकू जावं. गावात कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, "मुंबयच्या डाक्टरने कान तपासले. कान एकदम चांगले हायत." आणि हे खोटं नव्हतं.

महाडला अंकिता मॅडम म्हणून एक थेरपिस्ट अशा मुलांना शिकवत. मंगळवार आणि शुक्रवार ठरला. पण अंगणवाडीला त्या दिवशी सुट्टी नव्हती, तेव्हा न्यायचं कोणी? "मी नेते," गोदूबाई म्हणाल्या. "शिकवणीला जातेय म्हणून सांगीन. शिकवणीला सगळ्यांचीच पोरं जातात." तीन वर्षांच्या पोरीला इतक्या लांब कसली शिकवणी, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आठवड्यातून दोनदा त्या नातीला घेऊन एसटीने जायच्या आणि दुपारी परत यायच्या. काय शिकवलं म्हणून रेश्माने विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय. मणी ओवत बसले."

वर्षभराने कागदाचा प्रश्न आला. शाळेत गेल्यावर श्रुतिकाला विशेष शिक्षक हवा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र लागणार होतं, आणि तेही चाळीस टक्क्यांच्या वरचं. महाडला एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. सकाळी राजेशचा फोन आला, "तिला नीट बसव हां. डॉक्टरसमोर रडारड नको."

"अहो, नीट बसली तर पंचाईत होईल," रेश्मा म्हणाली. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

श्रुतिका नीट बसली. एरवी गर्दीत गेली की किंकाळ्या फोडणारी पोर त्या मंगल कार्यालयात अडीच तास खुर्चीवर हात जोडल्यासारखी बसून होती, कारण छताला बारा पंखे होते आणि बाराही फिरत होते. आजूबाजूला मुलं रडत होती, एक बाप आपल्या मुलाच्या मागे पळत होता, आणि लोक श्रुतिकाकडे बघून म्हणत होते, "किती गुणाची पोर!" गेली दोन वर्षं हे वाक्य ऐकायला रेश्माचे कान आसुसले होते. आज ते तिला नको होतं. हिने आता आडवं व्हावं, ओरडावं, काहीतरी करावं, असं मनात आलं आणि तिची तिलाच शरम वाटली.

नंबर आला. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण सकाळपासून त्यांनी तीसेक मुलं तपासली होती.

"नाव काय बाळ तुझं?"

"श्रुतिका राजेश उतेकर."

"वय किती?"

"चार वर्षं."

"गाव कोणतं?"

"कापडे."

उत्तरं अशी खणखणीत आली की मागच्या रांगेतली बाई कौतुकाने हसली. आणि उत्तरं देताना श्रुतिका डॉक्टरांच्या थेट डोळ्यांत बघत होती. निदान डॉक्टरांना तसं वाटलं. रेश्माला दिसत होतं की त्यांच्या चष्म्याच्या काचेत पंखा फिरतोय.

"नजर देते, प्रश्न समजतो, उत्तर बरोबर देते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फाईल उलटली. अंकिता मॅडमचा अहवाल त्यांनी वाचला, त्याखाली नियमाप्रमाणे जोडलेले अंगणवाडीचे दोन तक्ते निघाले. "आणि हे बघा. दोन्ही वर्षी सगळं होय. कोणी भरलंय, फार व्यवस्थित आहे."

रेश्मा तक्त्यांकडे बघत राहिली. सभेत माइक हातात घेऊन लसीकरणावर बोलणारी बाई, तिला स्वतःच्या अक्षरापुढे काही सुचेना. हे तक्ते खोटे आहेत म्हणावं तर नोकरीवर येतं आणि खरे म्हणावं तर पोरीवर येतं.

"सौम्य आहे. तीस-पस्तीसच्या वर नाही जाणार. ही तर चांगली बातमी आहे, ताई." डॉक्टरांनी पेन उघडलं.

"सायेब," मागून गोदूबाई म्हणाल्या, "आता उलटं विचारा."

"काय?"

"शेवटचं आधी विचारा. त्या शिकवणीत तिला ह्याच ओळीने शिकवलंय. मी बसलेली असते तिथे."

डॉक्टरांनी एकदा म्हातारीकडे बघितलं, मग मुलीकडे.

"गाव कोणतं?"

"श्रुतिका राजेश उतेकर."

"नाव काय?"

"चार वर्षं."

मागच्या रांगेतली बाई हसायची थांबली.

"आता चष्मा काढा," गोदूबाईंनी फर्मावलं, आणि डॉक्टरांनी खरोखर काढला. श्रुतिकाची नजर त्यांच्या तोंडावरून सुटली आणि छताला जाऊन चिकटली.

डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. "पंखे थोडा वेळ बंद करून बघू या का?"

"नको," गोदूबाई म्हणाल्या. "त्यापायी तिला रडवायची काय गरज हाय? विचारायचं तर मला विचारा."

आणि कोणी काही विचारायच्या आत त्या बोलू लागल्या. आमटीचा थेंब भाताला लागला तर ताट उपडं करते. पावणे आले की खाटेखाली जाते, पावणे गेले तरी निघत नाय. मागच्या पावसात पायरीवरून पडली, गुडघा फुटला, रगत आलं, पण कोणाकडे आली नाय, तिथेच बसून झाकणं मोजत होती. अंधाराला भीत नाय, पण मिक्सरला भिते. हे सगळं त्यांनी अंकिता मॅडमच्या अहवालापेक्षा नेमक्या क्रमाने, महिन्यांसकट सांगितलं. रेश्मा बघतच राहिली. यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं. वर्षभर या बाई काय नाय, काय नाय म्हणत होत्या आणि एकेक गोष्ट मनात नोंदवत होत्या.

"आणि अजून," गोदूबाई म्हणाल्या, "मला आजी म्हणाली नाय. एकदा पण नाय."

एवढं बोलून त्यांनी पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टर बराच वेळ लिहीत होते.

परतीच्या एसटीत जागा मिळाली. श्रुतिका खिडकीशी बसून पोलादपूरकडे निघालेल्या गाडीत दासगावच्या गाडीची घोषणा म्हणत होती, आणि मध्येच "उलटं विचारा, उलटं विचारा" असंही. कंडक्टरने दोनदा वळून बघितलं.

"मी ते कागदासाठी बोलले," पोलादपूर आल्यावर गोदूबाई म्हणाल्या. "तू काय मनावर घेऊ नको. पोरीला काय झालेलं नाय."

"होय आई," रेश्मा म्हणाली.

गाडी स्टँडातून बाहेर पडली. थोड्या वेळाने रेश्मा म्हणाली, "ते तक्ते मी चुकीचे भरले होते. मला दिसत होतं सगळं."

"माहीत हाय मला," गोदूबाई म्हणाल्या. "मला पण दिसत होतं."

प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं. पासष्ट टक्के. राजेशने फोनवर आधी "वा!" म्हटलं, मग घाईघाईने आंब्यांचं विचारलं. मैनाबाई चौकशीला आल्या. किती पडले ते ऐकून, "आमच्या थोरल्या नातवाला, हृतिकला, दहावीला तेवढेच होते," म्हणाल्या. त्या बोलल्या चांगल्या मनाने. रेश्माला हसू आवरेना, आणि हसता हसता तिने मैनाबाईंचा हात धरला आणि स्वराजच्या वेळी पडवीत बसून जे बोलली होती त्याची माफी मागितली. मैनाबाई गोंधळल्या. "अगो, तू बरोबरच बोलली होतीस," त्या म्हणाल्या, "पोर चुकीचं निवडलं होतंस."

श्रावणाआधी भाताची लावणी आली. वाटेवरची दरड कोसळल्यामुळे विशेष शिक्षक अजून एकदाही कापड्याला पोचले नव्हते. फोनवर मात्र ते सगळी माहिती भरून घेत होते. गोदूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकही लावणी चुकवलेली नव्हती. त्या दिवशी त्या आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी हातात घेऊन चिखलात उतरल्या, तेवढ्यात श्रुतिकाने त्यांचं बोट धरलं आणि ओढत बांधावर नेलं. का नेलं ते तिने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. ती पाटाचं पाणी खाचरात पडतं तिथे बघत बसली. गोदूबाई जुडी मांडीवर घेऊन शेजारी बसल्या.

"आई, येताय ना?" रेश्माने खालून हाक मारली.

"तुम्ही लावा," गोदूबाई तिथूनच म्हणाल्या. "आम्ही कामात हाव."