कुणाच्या खांद्यावर

फानीने पुन्हा एकदा माणसं मोजली. नऊच.

बाबांच्या कबरीच्या नव्या दगडावरचं पांढरं कापड वाऱ्याने सारखं फडफडत होतं. ते काढायचं, त्यांच्यासाठी कादिशची प्रार्थना म्हणायची आणि माँतेविदेओला परतायचं, एवढंच काम होतं. पण ज्यू रिवाजाप्रमाणे कादिशला दहा पुरुष लागतात. येतो म्हणालेल्या दोघांनी ऐन वेळी पाठ फिरवली होती. भाऊ तेल अवीवहून फोनवर रडला होता, तेवढंच.

"इथले झोपलेले धरले तर शंभर भरतील," म्हातारा शिंपी कबरींकडे हात करत म्हणाला.

कुणी हसलं नाही. बाबा, म्हणजे नोए गेल्बर, जन्मभर दुसऱ्यांच्या कादिशला धावत गेले, आणि आज त्यांनाच एक माणूस कमी पडत होता.

तेवढ्यात फाटकातून काठी टेकत एक उंच म्हातारा आत आला. लेओन फुक्स! तीस वर्षं तो बाबांशी बोलला नव्हता. समोर दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. आणि बाबा? दर पेसाखच्या सणाच्या जेवणाला त्याचीच गोष्ट सांगायचे. महायुद्धाच्या शेवटी छळछावणी रिकामी करताना जर्मनांनी कैद्यांना बर्फातून हाकललं. जो पडेल त्याला गोळी. "मी पडलो. लेओनने खांद्यावर घेतलं, म्हणून तुम्ही सगळे या टेबलाशी आहात."

लेओन कुणाकडे न पाहता रांगेत उभा राहिला. कापड काढलं, कादिश झाला. बाकीचे बसकडे गेले, तो मात्र तिथेच थांबला.

"लेओनकाका, बाबा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते. तुम्ही त्यांना वाचवलंत आणि तुम्हीच असं..."

"मी नाही वाचवलं, पोरी."

"मग कुणी?"

"माझा थोरला भाऊ, हेनेख. दोन दिवस त्याने तुझ्या बापाला ओढलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच पडला. मी पुढे चालत होतो. मागे गोळी वाजली. मी वळून पाहिलं नाही."

"मग बाबा तुमचं नाव का घ्यायचे?"

"माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा घेतलं, भरल्या मांडवात! मी त्याला बाजूला ओढून विचारलं, का असं सांगतोस? तर म्हणाला, 'तुझ्या पोरांना बापाचा अभिमान नको?' म्हटलं, बंद कर हे. तो ऐकेना. मग मीच बोलणं टाकलं."

फानीने दगडावरच्या नावावरून बोटं फिरवली. बाबांना आता काही विचारता येणार नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात पेसाख," ती म्हणाली. "मी एकटीच आहे. तुम्ही?"

"मीही."

"मग या जेवायला. गोष्ट मी सांगेन. नाव कुणाचं घेऊ?"

बसचा भोंगा वाजला. लेओनने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"हेनेखचं."

दोघं फाटकाकडे निघाली. चार पावलांवर तो थांबला.

"माझी मुलं आली, तर मात्र माझंच..."

 फानीने होकाराची मान हलवली.