बायडाबाईच्या गालाचं हाड

“तुमास्नी खरं न्हाई वाटायचं,” बायडाबाई खाटेवरून सगळ्या वॉर्डाला म्हणाली, “पन त्यो चोर चांगला सहा फुटी व्हता!”

जबडा बोटभरच उघडत होता, त्यामुळे चोर दातांच्या फटीतून अंग चोरून बाहेर येत होता. डाव्या गालाचं हाड मोडून आत रुतलं होतं. पाच दिवसांत सूज उतरली की ऑपरेशन, असं डॉक्टर तनयांनी सांगितलं होतं. म्हणजे थापा मारायला पाच दिवस मोकळे.

“काल साडेपाच फूट होता,” शेजारच्या खाटेवरच्या आनंदीबाई म्हणाल्या. त्या सदाशिव पेठेतल्या. “इथलं जेवण मानवलेलं दिसतंय त्याला.”

चोर-बीर कुणी नव्हता. चंद्री म्हशीपुढं आंबोण ठेवायला बाई वाकली आणि माशीवर चिडून चंद्रीनं मान झटकली ती थेट बाईच्या गालावर, एवढंच. पण हे लेकाला, सीतारामला, कळलं की संपलंच. कात्रजच्या त्यांच्या रानात आता अकरा मजली इमारती उभ्या होत्या आणि मधोमध ही एकटी म्हैस. “आये, आता कायबी झालं तर चंद्रीला इकली म्हनून समज,” असं त्यानं बजावलंच होतं. चार दिवसांची पारडी असताना चंद्रीची आई गेली, तेव्हा बायडाबाईनं दुधात बोटं बुडवून तिला जगवलं होतं. म्हणून मग चोर आला, त्यानं बाईला ठोसा मारला आणि चंद्रीनं दावं तोडून त्याला पिटाळलं!

चोर म्हटल्यावर रीतसर हवालदारही आले.

“वर्णन सांगा, आजी.”

“काळा. आडव्या अंगाचा.”

“काही सवय?”

“मान झटकतो.”

हवालदारांनी तेही इमानेइतबारे लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी कानाच्या वर, केसांत, छोटीशी चीर घेतली. तिथून चपटी पट्टी हाडाखाली सरकवली आणि रुतलेलं चाक पहारीनं उचलावं तसं हाड उचललं. खट्ट! बसलं जागेवर. त्या आवाजानं तळमजल्यावरचा वॉचमन दचकून उठला, असं बाई पुढं सांगायची. ती स्वतः तेव्हा भूल देऊन झोपवलेली होती, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर म्हणाल्या, “आ करा.” तोंडात उभी तीन बोटं मावली. “छान! डाव्या कुशीवर झोपायचं नाही, नाक शिंकरायचं नाही आणि बोलणं जरा कमी...”

“तेवढं सोडून सगळं ऐकतील,” आनंदीबाई म्हणाल्या.

मोकळ्या तोंडातून चोर निघाला तो सात फुटी. शिवाय त्याला जोडीदारही मिळाला. “दोघं व्हते! एकाच्या हातात कोयता...”

आणि दारात सीताराम दिसला. उजवा गाल टम्म सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला. बायडाबाई कोयता विसरून उठून बसली.

“चंद्री कुठाय रं?”

“गोठ्यात. तू म्हनलीस चोर फिरत्यात, म्हनून काल गिऱ्हाईक आनलं. ते आंबोण घिऊन वाकलं आन् थेट घाटाकडं पळत सुटलं. मग म्या वाकलो.”

“इकली का?”

“कोन घेतंय तिला? आन् आपन तरी का द्यावी? तू गेल्यापास्नं वैरनीला तोंड लावंना. नुसती रस्त्याकडं बघत उभी ऱ्हाती. चल लवकर घरी.”

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले, पण सवय कुठली जायला! “पुन्यांदा आलं वाटतं ते दोघं? तुलाबी मारलं?”

सीताराम हसायला गेला, कळवळला, आणि सुजका गाल तिच्या गालाशेजारी आणून वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडला,

“आये, तुझ्या चोराला चार पाय हायेत!”