बारा पेट्या, बारा खुणा

"हे कुणी केलं?"

बाईंनी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. फाटकातून आल्या त्या घराकडे न वळता थेट परसात गेल्या आणि भिंतीलगतच्या रांगेकडे बघत उभ्या राहिल्या.

"मीच," गुण्यासाहेब म्हणाले. शाबासकी ऐकायला ते मागोमाग आलेच होते. "फाटकाचा रंग उरला होता. परवा संध्याकाळी तोंडं बंद करून सगळ्या हलवल्या. दोन पेट्यांत बरोबर एक फूट अंतर. दोरी लावून घेतलंय, हवं तर मोजून बघ."

मधमाश्यांच्या बारा छोट्या पेट्या. सगळ्या करड्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. दोन दिवसांपूर्वी, बाई बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा, याच पेट्या झाडांखाली कुठेही, कशाही पडल्या होत्या. एकीला हिरवं ठिगळ, एकीच्या तोंडाशी पिवळा फराटा, एक तर चक्क तिरकी. गुण्यासाहेबांना ते चार महिने सलत होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, चपलांना चौकट आखून दिली होती. आता परसच उरलं होतं.

बाई तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्या रागावल्या की आवाज चढत नसे, उतरत असे.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "किती वाजले?"

"साडेदहा. का गं?"

"म्हणजे दीड तास आहे." त्यांनी पिशवी ठेवली आणि पायरीवर टेकल्या. "या पेट्यांत राण्या आहेत. पाच-सहा दिवसांच्या, अजून बाहेर न पडलेल्या. आज ऊन आहे, वारा नाही. दुपारी त्या उडतील, आकाशात नरांशी गाठ पडेल, आणि मग परत घरी यायचं. घर ओळखायचं कशावरून? तोंडाशी पिवळा फराटा आहे का, पेटी तिरकी आहे का, यावरून. चुकून शेजारच्या पेटीत शिरली तर तिथल्या माश्या तिला मारून टाकतात."

गुण्यासाहेबांनी रांगेकडे पाहिलं. इतकी सरळ रांग त्यांनी फार दिवसांत आखली नव्हती.

"तू कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

हे खरं होतं. चौतीस वर्षं ते नकाशे काढायच्या कचेरीत होते. सुताराचा गुण्या जसा काटकोनाशिवाय दुसरं काही जाणत नाही तसे हे, म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि पुढे साहेब लागून ते चिकटलं. माश्या हा बायकोचा नाद, एवढंच त्यांना ठाऊक. या पेट्यांचं चित्र मात्र त्यांच्याच हातचं. आधी बाईंनी पेलाभर माश्या मावतील एवढ्या चिमुकल्या पेट्या करून पाहिल्या होत्या. एका कडक दुपारी त्या इतक्या तापल्या की माश्या राणीसकट घर सोडून गेल्या. मोठ्या पेट्या घ्याव्यात, तर एकेका राणीपायी ढीगभर माश्या अडकून पडायच्या. शेवटी मधला मार्ग निघाला: नेहमीच्या निम्म्या रुंदीच्या तीन चौकटी मावतील एवढी पेटी, तोंड एकच माशी राखू शकेल इतकं अरुंद, आत मधात मळलेल्या पिठीसाखरेचा गोळा. दोन चौकटी जोडल्या की मोठ्या पेटीत बरोबर बसतात, म्हणजे हंगाम संपल्यावर काही वाया जात नाही. गुण्यासाहेबांनी ते मिलिमीटरपर्यंत आखून सुताराला दिलं होतं. आत कोण राहणार, हे मात्र विचारलं नव्हतं.

"या गेल्या तर दुसऱ्या करता येतील ना?"

बाईंनी परसाच्या टोकाच्या मोठ्या पेटीकडे पाहिलं. तिथे थोरली, त्यांची जुनी राणी, होती. दोन वर्षांपूर्वीच्या रोगात आसपासच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या, एकट्या थोरलीचं घर उभं राहिलं होतं. या बाराही जणी तिच्याच लेकी.

"थोरली थकलीय. अंडी घालते ती मध्येच दोन घरं रिकामी सोडून. आणि नर संपत आलेत. महिन्याभराने राणी तयार केली तरी आकाशात तिला कुणी भेटायचं नाही." त्या उठल्या. "हे वाण टिकायचं तर आजच, नाहीतर उद्या."

गुण्यासाहेब पहिल्या पेटीशी वाकले. "परत जागच्या जागी ठेवतो."

"नको, हात लावू नका! दोन दिवसांत कामकरी माश्यांनी ही जागा पाठ केलीय. पुन्हा लांब हलवल्या तर त्याही वाऱ्यावर. फक्त जागेवरच फिरवा, प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे. वाकड्या करा."

"किती अंशांत?"

"मनाला येईल तशा!"

मनाला येईल तसं काही करायची सवय त्यांच्या हातांना नव्हती. पहिली पेटी त्यांनी फिरवली ती नकळत पंचेचाळीस अंशांत. दुसरी तिसात. बाई मागून म्हणाल्या, "अहो, परीक्षा नाहीये," आणि त्यांच्या आवाजात आल्यापासून पहिल्यांदा हसू होतं.

एवढ्यात सुतारमामा झाकणं घेऊन फाटकातून आला आणि थबकला. "साहेब, भूकंप झाला का काय? का तुमची तब्येत बरी नाही?"

"मामा, झाकणं ठेवा आणि गप बसा," बाई म्हणाल्या. "माझ्या राण्यांचे दारावरचे पत्ते पुसलेत यांनी."

"अरे देवा! मग लिहा की परत."

"रंगाचा ताजा वास नको. काहीतरी कापून लावायला हवं. निळं, पिवळं, पांढरं, काळं."

"लाल?" गुण्यासाहेबांनी विचारलं.

"लाल त्यांना काळ्यासारखाच दिसतो."

ते तरातरा घरात गेले. कचेरीतून निघताना आणलेलं खोकं पलंगाखाली होतं, चार महिन्यांत उघडलेलं नव्हतं. निळ्या प्लॅस्टिकच्या फायली, पिवळे पुठ्ठे, काळा कागद, धारदार पातं. शेवटची आठ वर्षं या पात्याला काम नव्हतं. नकाशे यंत्र काढू लागलं होतं आणि साहेब जुने कागद गुंडाळून नळ्यांत भरत होते. त्यांनी ओट्यावरच पुठ्ठा अंथरला. काय कापावं याचा विचारही करावा लागला नाही. विहिरीचं निळं वर्तुळ. टेकडीचा त्रिकोण. पुलाच्या दोन आडव्या पट्ट्या. दलदलीतल्या गवताचे तीन झुबके. खाण, फाटा, एकटं झाड.

पावणेबाराला बाराव्या पेटीवर बारावी खूण टाचणीने बसली. बाईंनी एकेक पाहिली.

"ही कसली?"

"विहीर. नकाशात अशीच काढतात."

"आणि ही दलदल," सुतारमामा म्हणाला. "साहेब, राणीला दलदलीत पाठवता होय? बिचारी काय पाप करून आली!"

मामा गेला. नवराबायको पेट्यांपासून आठ हातांवर स्टुलं टाकून बसली. बाईंनी ताकीद दिली होती, पेट्यांसमोरून जायचं नाही, झाकण उघडायचं नाही. पहिला तास काहीच घडलं नाही. कामकरी माश्या येत होत्या, दारापाशी गोंधळत होत्या, मागे सरकून पुन्हा बघत होत्या.

"मी विचारायला हवं होतं," गुण्यासाहेब म्हणाले.

"मी सांगायला हवं होतं." बाईंची नजर पेट्यांवरच होती. "घरातले डबे लावलेत तेव्हा बोलले नाही. मला हळद अजून सापडत नाही."

"दुसऱ्या फळीवर, डावीकडून—"

"बघा!"

विहिरीच्या पेटीतून एक लांबट माशी बाहेर आली. उडाली, पण गेली नाही. दाराकडे तोंड करून हवेत डावीउजवीकडे झुलली, आधी जवळून, मग जरा लांबून, मग मोठाले वळसे घेत. घर पाठ करतेय, बाई पुटपुटल्या. मग ती झाडांच्या वर गेली आणि दिसेनाशी झाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. गुण्यासाहेबांनी सतत पाहिलं. पंधरा मिनिटं. अठरा. बाविसाव्या मिनिटाला एक माशी वरून उतरली ती थेट टेकडीच्या पेटीसमोर. पोटाच्या टोकाशी बारीक पांढरा धागा लोंबत होता. गाठ पडली होती. आता फक्त घर चुकू नये.

टेकडीच्या दारात चार माश्या सावध उभ्या राहिल्या. राणी त्रिकोणासमोर थांबली. गुण्यासाहेब अर्धवट उठले, बाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

वर्षानुवर्षं त्यांनी खुणा काढल्या होत्या. कुणी त्या वाचून कुठे पोचलं का, हे कधी समोर येऊन सांगितलं नव्हतं.

राणी मागे सरकली. बाजूला झुलली. निळ्या वर्तुळासमोर क्षणभर थांबली आणि आत चालत गेली.

बाईंनी हात सोडला नाही.

बाराव्या दिवशी त्यांनी पेट्या उघडल्या. बाई चौकट उन्हाकडे तिरकी धरून म्हणायच्या, "आहेत," आणि गुण्यासाहेब वहीतल्या नकाशात त्या खुणेशी टिंब द्यायचे. पोळ्यातल्या प्रत्येक घराच्या तळाशी एकेक बारीक पांढरी रेघ, तांदळाच्या कणीहून लहान. विहीर, टेकडी, दलदल. दलदलीत तर सगळ्यांत जास्त. नऊ पेट्यांत अंडी सापडली. खाण, पूल आणि फाटा राणीविना. आत माश्या सैरभैर फिरत होत्या, आई नसलेल्या घरासारखा एकच सूर धरून.

"या तिघी माझ्यामुळे," गुण्यासाहेब म्हणाले.

"पक्षीही टिपतात. कधी कधी मीही चुकते." बाईंनी झाकण लावलं. "नऊ पुष्कळ आहेत."

संध्याकाळी त्या थोरलीची पेटी बघून आल्या. हातमोजे काढताना एवढंच म्हणाल्या, "थोरली दिसली नाही. उद्या विहिरीवालीला तिच्या घरी नेऊ."

गुण्यासाहेबांनी राणी नसलेल्या तीन पेट्यांतल्या माश्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे शेजारणींत मिसळल्या. खुणा काढायला हात घातला तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या. पुढच्या हंगामात लागतील." त्यांनी पेट्या पुसून झाडाखाली ठेवल्या. तीनही एका रेषेत आल्या होत्या, बरोबर एक फुटावर.

ते घराकडे निघाले, थांबले, परत आले. मधली पेटी त्यांनी जराशी फिरवली. मागे सरून पाहिलं, आणि अजून थोडी वाकडी केली.