नको म्हणणाऱ्या सिनेटरची खुर्ची

मी ओहायोतल्या एका ओसरीवरची डुलती खुर्ची बोलतेय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मी माझ्या मांडीवर वाढवलाय, कळलं? आता तो राष्ट्राध्यक्ष झालाच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि मांडी म्हणजे तरी काय, वेताची जाळी. तिलाही मधोमध भोक पडलंय.

सुताराला घाई होती, म्हणून मी जिच्यावर डुलते ती माझी डावी कमान आखूड राहिली. तेव्हापासून मी कुरकुरते. जोथम ट्रास्क नवाकोरा वकील असताना मला घरी घेऊन आला. पहिल्याच दिवशी मी त्याच्या लांब कोटाचं शेपूट कमानीखाली धरून ठेवलं. तो उठला, कोट काही उठेना! त्याची बायको लव्हिनिया हसून हसून बेजार.

भाषणं तो माझ्यावर बसून पाठ करायचा आणि गावात तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चढून ठोकायचा. राज्याच्या विधिमंडळात गेला, मग वॉशिंग्टनला, मग सिनेटर झाला. गुलामगिरीचं काय, असं कुणी विचारलं की तो पुलांविषयी बोलायचा. पुलांविषयी बाकी फार छान बोलायचा! मी कर्रकर्र करायचे. लोकांना वाटायचं, लाकूड जुनं झालंय.

हाव एकच उरली होती, राष्ट्राध्यक्षपदाची. पण ते पद मागायचं नसतं. मागणारा हलका ठरतो. आपण घरी बसायचं. पक्षाची माणसं येतात. आपण नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं आणि मग देशासाठी म्हणून मोठ्या कष्टानं मान डोलवायची. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर एका मे महिन्यात ती माणसं आली. कर्नल बार्लो आणि सोबत दोघे. लव्हिनियाबाईंनी हॅम वाढलं.

"सिनेटरसाहेब, उभे राहाल ना?" कर्नलनं तोंड पुसत विचारलं.

"मी? छे छे! मी साधा शेतकरी माणूस." (कुदळीशी याची तोंडओळखही नव्हती.) "माझी लायकी काय, माझे गुडघे काय! माझ्याहून थोर माणसं पडलीयत देशात."

नकार असा रंगला की त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले. अरे गाढवा, पुरे! मी मागून ढकलला, पुढून झुकवला, जीव तोडून कुरकुरले. हा आपला सुटलेलाच. कर्नलनं घड्याळ काढलं. त्यांना आगगाडी गाठायची होती.

"इतकं मनापासून सांगताय, तर आग्रह करणं पाप होईल," असं म्हणून तो उठलाच. "हॅम झकास होतं हं, बाई."

शेजारच्या गावचा हॉजेस, म्हणे, कर्नलची बग्गी फाटकात शिरायच्या आधीच "हो" म्हणाला. आज तो व्हाइट हाउसात आहे आणि आमचा माणूस माझ्यावर. सकाळपासून अंधार पडेपर्यंत डुलतो आणि चरफडतो. वजन तर विचारूच नका. कुणीतरी याला उठवा हो, नाहीतर माझ्या जाळीत दोन वेत तरी घाला.

काल लव्हिनियाबाई शेजारी मटार सोलत होत्या.

"एकदा नको म्हटलं म्हणून लगेच चालते होतात होय?" हा कडाडला. "लव्हिनिया, लग्नाला तू मला दोनदा नाही म्हणालीस. आलोच ना मी तिसऱ्यांदा?"

"तुम्हाला मी हवी होते, मिस्टर ट्रास्क. त्यांना नुसतं कुणीतरी हवं होतं."